फ्रीलान्सिंग सुरू करताय? कोणता कागद कधी काढायचा

‘फ्रीलान्सरचं लायसन्स’ असा प्रकार आपल्याकडे नाही. वेबसाइट बनवणारा असो, भाषांतर करणारी असो की घरून दुकानदारांचे हिशेब बघणारा, पहिलं बिल देण्याआधी कुणालाही सरकारची परवानगी लागत नाही. तुमच्याच पॅनवर, तुमच्याच नावाने काम सुरू होतं. कागदोपत्री तुम्ही प्रोप्रायटर, म्हणजे एकटे मालक. तरीही नोकरी सोडलेली माणसं पहिल्याच आठवड्यात ‘जीएसटी, उद्यम, शॉप अ‍ॅक्ट, सगळं पॅकेजमध्ये’ अशी पाटी लावलेल्या एजंटकडे जातात, फुकट होणाऱ्या नोंदणीचे पैसे मोजतात आणि गरज नसताना जीएसटी नंबर घेऊन बसतात. मग बिल असो-नसो, रिटर्न भरत राहायचं. प्रत्येक कागदामागे एक कारण असतं. ते कारण आलं की तो कागद काढायचा, एवढं धोरण ठेवलं तरी बराच ताप वाचतो.

पहिल्या बिलाआधी काय हवं

पॅन हवं, ते आधारशी जोडलेलं हवं आणि कामाच्या पैशांसाठी एक वेगळं बँक खातं हवं. स्वतःच्या नावाने बिल देत असाल तर सुरुवातीला दुसरं बचत खातंही चालून जातं. ‘अमुक डिझाइन स्टुडिओ’ अशा नावाने पैसे घ्यायचे असतील तर करंट खातं लागतं, आणि ते उघडताना बँक त्या नावाचे पुरावे मागते. बहुतेक ठिकाणी उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) आणि गुमास्ता (शॉप अ‍ॅक्टची पावती) यांवर काम भागतं.

दर ठरवताना एक गोष्ट आधीच गृहीत धरा. महिन्यातले सगळे दिवस बिलात येत नाहीत. क्लायंट शोधणं, कोटेशन पाठवणं, पैशासाठी फोन करणं यातच बरेच दिवस जातात. जुना पगार भागिले तीस असा दर काढणारे वर्षभरात परत नोकरी शोधताना दिसतात.

उद्यम नोंदणी

१ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी पूर्ण मोफत आहे आणि तिचं नूतनीकरण करावं लागत नाही. गुगलवर शोधलंत तर वर जाहिराती येतात, त्यात फी घेणाऱ्या खासगी साइट असतात. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे का ते बघूनच आत जा.

कागद अपलोड करायचे नसतात. आधार क्रमांक, आधारला जोडलेला मोबाइल, पॅन आणि खातं क्रमांक व आयएफएससी एवढं जवळ ठेवा. ओटीपी आला की फॉर्म उघडतो. नाव आधारवर जसं आहे तसंच टाका. एखादं स्पेलिंग वेगळं पडलं की फॉर्म तिथेच अडतो. संघटनेचा प्रकार ‘प्रोप्रायटरी’, मुख्य काम ‘सेवा’. यंत्रसामग्रीच्या रकान्यात लॅपटॉप, कॅमेरा वगैरेंची घसारा वजा जाता किंमत येते. कामगारांच्या रकान्यात एकटे असाल तर एकच. खरी गडबड एनआयसी कोडपाशी, म्हणजे कामाचा प्रकार सांगणाऱ्या सरकारी क्रमांकापाशी होते. घाईत भलताच कोड निवडला की पुढे बँक किंवा कंपनीच्या खरेदी विभागाला उत्तरं देत बसावं लागतं. वेबपेज डिझाइनला ६२०१२, क्लायंटसाठी प्रोग्रॅम लिहून देण्याला ६२०११. एकापेक्षा जास्त कोड घालता येतात, तेव्हा पुढे जे काम करणार आहात त्याचाही घाला. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी उलाढाल आणि अडीच कोटी गुंतवणूक आहे, त्यामुळे पात्रतेची काळजी आपल्यापैकी कुणाला नको.

शॉप अ‍ॅक्ट आणि प्रोफेशन टॅक्स

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लहान माणसाला बराच सोपा आहे. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, फक्त नमुना ‘एफ’मध्ये ऑनलाइन सूचना द्यायची, काम सुरू केल्यापासून ६० दिवसांत. फोटो, सही, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि मराठीतल्या नावाच्या पाटीचा फोटो तयार ठेवा. हातात येते ती पावती, पण बोलीभाषेत तिलाच सगळे गुमास्ता म्हणतात आणि बँकाही तीच मागतात.

प्रोफेशन टॅक्सकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होतं. पगारातून तो आपोआप कापला जायचा. आता तो भरणारे तुम्ही. राज्य जीएसटी विभागाच्या साइटवर पीटीईसी नावाचा नावनोंदणी दाखला घ्यायचा आणि वर्षाला २,५०० रुपये, साधारणपणे ३० जूनपर्यंत, भरायचे. रक्कम किरकोळ आहे. चार वर्षांनी थकबाकी आणि व्याजासकट नोटीस आली की ती किरकोळ वाटत नाही.

पहिली कंपनी टीडीएस कापते तेव्हा

एखाद्या कंपनीकडून वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त व्यावसायिक फी झाली की ती १० टक्के कर आधीच कापून पैसे देते, हाच टीडीएस. काही तांत्रिक सेवांना २ टक्के. हे पैसे तुमच्याच पॅनवर जमा असतात. फॉर्म २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात) दिसतायत का हे तिमाहीला एकदा तपासा, नसतील तर कंपनीच्या अकाउंट्सला लगेच कळवा. मार्च उलटल्यावर कुणी फोन उचलत नाही. पॅन दिलं नसेल तर कपात थेट २० टक्के होते.

आयकरात खरा दिलासा ४४एडीए या कलमाचा आहे. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सगळ्यांच्या तोंडी जुनाच आहे म्हणून इथे तोच.) वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, किंवा रोखीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, तर निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची. खर्चाच्या पावत्या जपायची गरज नाही. समजा २०२५-२६ मध्ये २० लाख जमा झाले. उत्पन्न धरलं १० लाख. दुसरं काही उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतची सवलत धरून कर शून्य, आणि कापलेला टीडीएस परत.

पण हे कलम सगळ्यांना नाही. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, कंपनी सेक्रेटरी, माहिती तंत्रज्ञान अशी ठरलेली यादी आहे. चित्रपट कलाकारांत संकलक, गीतकार, संवादलेखकही येतात. भाषांतरकार, कंटेंट रायटर, सोशल मीडिया सांभाळणारे यांचं नेमकं कुठे बसतं यावर सीएंमध्येही एकमत नसतं. पहिल्या वर्षी सीएला फी देऊन हा एकच प्रश्न नीट विचारून घेतला तरी पैसे वसूल. ४४एडीए घेतलं की आगाऊ कर चार हप्त्यांत भरावा लागत नाही, तर १५ मार्चपर्यंत एकदम. टीडीएस वजा जाता कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल तरच.

जीएसटी कधी

सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात आणि गोव्यात मर्यादा वर्षाला २० लाख. दुसऱ्या राज्यातल्या क्लायंटला बिल दिलं म्हणून ती कमी होत नाही. मात्र २० लाखांत सगळं मोजलं जातं, परदेशी बिलंसुद्धा. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत अर्ज करायचा. फी नाही. त्याआधी नंबर घेण्याचं एकच पटण्यासारखं कारण मला दिसतं: मोठी कंपनी नंबराशिवाय तुम्हाला व्हेंडर म्हणून घेतच नाही. आणि नंबर नसताना बिलात १८ टक्के लावणं हा गुन्हा आहे, ‘पुढे बघू’ म्हणून लावू नका.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पत्त्यावर. घर सासऱ्यांच्या नावावर, लाइटबिल त्यांचंच. अशा वेळी लाइटबिल किंवा घरपट्टीची पावती, जोडीला त्यांचं संमतीपत्र आणि ओळखपत्र लावायचं. भाड्याच्या घरात भाडेकरार आणि मालकाचा एक मालकीपुरावा. एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात अधिकाऱ्यांनी यादीबाहेरचे कागद मागू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे, तेव्हा कुणी भलतंच मागितलं तर त्याचा आधार घ्या. शंकेची नोटीस आली तर सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ती ईमेलवर येते. स्पॅम फोल्डर बघत चला.

परदेशी क्लायंट असेल तर नंबर घेतल्यावर दर आर्थिक वर्षाला आरएफडी-११ फॉर्ममधून एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे निर्यातीच्या बिलावर कर न लावता काम करता येतं. प्रत्येक रकमेचा बँकेकडचा परकीय जमा दाखला मागून ठेवा. अमेरिकी कंपनी डब्ल्यू-८बेन फॉर्म भरायला लावते. तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही एवढंच त्यात सांगायचं असतं. परदेशी प्लॅटफॉर्मच्या कमिशनवर जीएसटीचा वेगळा प्रश्न उभा राहू शकतो, तो सीएकडे न्या.

पैसे अडले तर

उद्यमचा खरा उपयोग इथे होतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन खरेदीदारावर आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटूनही मार्चअखेरपर्यंत पैसे न दिल्यास त्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, आणि मार्चमध्ये अकाउंट्सची माणसं अचानक नम्र होतात ती यामुळेच. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. तरीही पैसे आले नाहीत तर लघुउद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, ती सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचा निवाडा करणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाते. सोबत वर्क ऑर्डर किंवा होकाराचा ईमेल, बिल आणि काम पोचल्याचा पुरावा लागतो. नोंदणी कामाआधीची असावी. भांडण झाल्यावर काढलेल्या उद्यमवर जुनी बिलं वसूल होतीलच असं नाही.