पोटात तुटतं ते कुठं?

काही वर्षांपूर्वी मलप्रभेकाठच्या एका गावात सातवीतला मुलगा नदीत बुडून गेला. शाळेत मुलांशी बोलायला बेळगावहून एक समुपदेशक बाई तीन दिवस येत होत्या. बाई कन्नड, मुलं मराठी. म्हणून निवृत्त शिक्षक या नात्यानं मी मध्ये दुभाषा बसलो. तिसऱ्या दिवशी बाई गाडीत बसताना शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "त्यांचं रोजचंच की हे. सवय आसतीय त्यांस्नी."

बाईंचा जेवणाचा डबा तिन्ही दिवस न उघडता परत गेला होता, तो मी पाहिला होता. त्या वाक्यानं मला वाचायला लावलं.

ब्रिटनमध्ये शाळेवर असा प्रसंग आला की स्थानिक प्रशासनाचे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ धावून जातात. एरवी अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांची चाचणी घेणारी ही माणसं एका फोनसरशी रडणाऱ्या वर्गासमोर उभी राहतात. दुसऱ्याचा आघात ऐकून ऐकणाऱ्याच्या मनावर जो परिणाम होतो, त्याला मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये 'परोक्ष आघात' असं नाव दिलं. चार्ल्स फिगली यांनी 1995 मध्ये त्याला करुणेचा थकवा म्हटलं. झोप उडते, ऐकलेली दृश्यं डोळ्यांपुढं येतात, घरच्या मुलांची उगाच धास्ती वाटते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या 2013 च्या आवृत्तीतही, कामाचा भाग म्हणून आघाताचे तपशील पुन्हा पुन्हा कानावर पडणं हे आघातोत्तर विकाराचं एक कारण मानलं आहे.

पण जे आपल्यावर घडलंच नाही, ते आपल्या अंगात शिरतं कसं?

मेंदूच्या बाजूला, कानाच्या थोडं वर, एक खोल घडी असते. ती उकलली की आत दडलेला इन्सुला दिसतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बेट. शरीराच्या आतल्या बातम्या इथं येतात: छातीची धडधड, श्वास, पोटाचा ताण. काही व्हेगस या लांबलचक चेतातंतूवरून येतात, काही मज्जारज्जूतून. आधी इन्सुलाच्या मागच्या भागात, मग पुढच्या भागात. आणि पुढं पोचेपर्यंत नुसत्या बातमीची भावना झालेली असते. 2004 मध्ये मेंदूचा अभ्यास करणाऱ्या तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी 16 जोडप्यांवर प्रयोग केला. जोडप्यातली स्त्री मेंदूच्या स्कॅनरमध्ये, तिचा जोडीदार शेजारी. तिच्या हाताला विजेचा चटका दिला की दुखणं नेमकं कुठं आहे हे सांगणारा मेंदूचा भागही जागा व्हायचा आणि पुढचा इन्सुलाही, सोबत अँटेरियर सिंग्युलेट नावाचा पट्टा. चटका जोडीदाराला बसतोय असं कळलं, तेव्हा पहिला भाग गप्प, दुसरे दोन मात्र जागे. म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाचा पत्ता आपल्याला मिळत नाही, कळ मात्र मिळते. बुडालेल्या मुलाचं ऐकून आपला हात दुखत नाही. आपल्या पोटात कालवतं, पोटात तुटतं. मराठीनं ही जागा कधीचीच हेरून ठेवली आहे.

इथं एक सांगतो. 'आरसा-पेशी', म्हणजे दुसऱ्याची हालचाल नुसती पाहूनही जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशी, हे सगळं करतात, असे व्हिडिओ फिरत असतात. त्या पेशी इटलीतल्या पार्मामध्ये माकडांच्या मेंदूत, हाताच्या हालचालींचा अभ्यास करताना सापडल्या. माणसाची सगळी सहानुभूती त्यांच्या खात्यावर टाकावी एवढा पुरावा नाही. आणि शाळेच्या फाटकावर रात्री कुणी उतारा ठेवून गेलं, त्याचा मला आजही संताप आहे. शाळेला बाधा झाली म्हणत आधीच घाबरलेल्या मुलांची झोप त्यांनी उडवली.

आता सवयीचं. घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होते, कारण ती तीच असते आणि तिच्यापासून धोका नसतो. प्रत्येक मुलाची गोष्ट नवी असते. सवय म्हणून बाहेरून दिसतो तो कित्येकदा बधिरपणा असतो, मनानं स्वतःला वाचवायला ओढलेलं दार. सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांना पुढं आढळलं की दुसऱ्याचं दुःख तसंच्या तसं जाणवून घेण्याचा सराव केला तर माणूस खचत जातो. त्यानंतर त्याच माणसांना मायेनं त्याचं भलं चिंतण्याचा सराव दिला की मन सावरतं आणि मेंदूतलं वेगळंच जाळं, समाधानाशी जोडलेला वेंट्रल स्ट्रायटम हा भाग वगैरे, कामाला लागतं. म्हणूनच जोडीनं जाणं, नंतर अनुभवी सहकाऱ्यापाशी बोलणं, या गोष्टी मला चैनीच्या वाटत नाहीत.

दुभाष्याची गोष्ट आणखी अवघड, कारण तो 'मी' म्हणतो. 1996 मध्ये सुरू झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्यांत दुभाषे प्रथमपुरुषातच बोलत, आणि त्यांच्यातल्या काहींना ते फार जड गेलं. आमच्या शाळेत एक मुलगा म्हणाला, "मी त्याचा हात धरला होता." मी बाईंकडं वळून म्हणालो, "नानु अवन कै हिडिदिद्दे." त्या रात्री ताटावर बसलो तर माझाच हात जड झाला होता.

संकटानंतर येणाऱ्या माणसाला शेवट कळत नाही. तीन दिवस काम करून तो जातो, मागं मुलांचं काय झालं ते कुणी कळवत नाही. दिवाळीनंतर बाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत. त्या हात धरणाऱ्या मुलाचं नाव घेतलं आणि विचारलं, "अवनु शालेगे बर्तानेनु?"

येतो, म्हटलं. रोज येतो. पलीकडं बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.