रात्रीचं बोलावणं आणि तेलाची डबी

मुंबईतल्या कॅथलिक घरात कुणी अत्यवस्थ झालं की दोन फोन जातात. एक अँब्युलन्सला, दुसरा पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, फादरना. पहाटेचे अडीच वाजलेले असले तरी हा दुसरा फोन करताना घरच्यांना फारसा संकोच वाटत नाही. फादरनी उठायचं, पवित्र तेल आणि ख्रिस्तप्रसाद (उपासनेत पवित्र केलेली भाकर) घ्यायचा आणि निघायचं, हे धरूनच चाललेलं असतं. काही देशांत यासाठी रीतसर रात्रपाळ्या लावतात. अर्जेंटिनातल्या काही शहरांत एक फादर आणि त्यांच्या सोबतीला काही स्वयंसेवक रात्रभर फोनपाशी थांबतात आणि बोलावणं आलं की गाडी काढतात. मुंबईत हा भार अजूनही मुख्यतः पॅरिशवर आणि हॉस्पिटलात नेमलेल्या फादरांवर आहे. यातली बरीच बोलावणी दिवसाउजेडीही येऊ शकली असती. ती रात्रीवर का जातात, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

मुळात आजाऱ्याला तेल लावण्याचा मरणाशी संबंध नव्हता. नव्या करारात, याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात साधी सूचना आहे: कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी. आजारी माणूस उठून बसेल ही त्यात आशा आहे. पोप पहिले इनोसंट यांनी ४१६ साली लिहिलेल्या पत्रात तर बिशपने आशीर्वादित केलेलं तेल सामान्य ख्रिस्ती माणसानेही स्वतःच्या किंवा घरच्यांच्या गरजेला वापरावं, अशी मोकळीक आहे. मरणाऱ्यासाठी राखलेली गोष्ट वेगळी होती, ती म्हणजे ख्रिस्तप्रसाद. ३२५ सालच्या निकेयाच्या परिषदेने नियमच केला, की मरणाच्या दारात असलेल्याला ही शेवटची शिदोरी नाकारू नये.

तेल मरणाकडे सरकलं ते मध्ययुगात. त्या काळी पापांबद्दलचं जाहीर प्रायश्चित्त कडक असे आणि त्याची बंधनं पुढे आयुष्यभर पाळावी लागत, म्हणून लोक ते शेवटच्या आजारापर्यंत लांबवत. तेल त्या प्रायश्चित्ताला जोडलं गेलं आणि त्याच्यासोबत लांबणीवर पडलं. त्यात लोकसमजुतींची भर. तेल लागलेला माणूस बरा झालाच, तर त्याने पुन्हा संसार करू नये, अनवाणी चालू नये, असं काय काय लोक मानत. मग कोण लवकर बोलावणार? बाराव्या शतकापर्यंत याचं नावच ‘शेवटचा अभ्यंग’ पडलं. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ साली शब्द जपून वापरले. हा संस्कार आजाऱ्यांसाठी आहे, विशेषतः ज्यांचा अंत जवळ आलासा दिसतो त्यांच्यासाठी, असं तिने म्हटलं. लोकांच्या मनात राहिलं ते फक्त ‘विशेषतः’च्या पुढचं.

याच सुमारास कॅथलिक धर्म उत्तर कोकणात आणि मुंबईच्या बेटांवर रुजत होता. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली, पाठोपाठ माहीम, वांद्रे, दादरला चर्च उभी राहिली. म्हणजे इथल्या ईस्ट इंडियन, कोळी आणि वसईकर कॅथलिकांच्या पूर्वजांना हा संस्कार मिळाला तो अंतकाळचा म्हणूनच. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात फादरनी आजाऱ्याकडे कसं जायचं हेही लिहून ठेवलेलं होतं. ख्रिस्तप्रसाद घेऊन निघायचं तर पुढे दिवा, सोबत घंटी. घंटी ऐकली की रस्त्यावरचे लोक गुडघे टेकत. रात्री गावात घंटी वाजली तर कोणाचं तरी शेवटचं आलं, हे सांगायला वेगळा निरोप लागत नसे. फादर चर्चशेजारीच राहत आणि आजारी माणूस घरातच असे, त्यामुळे ही व्यवस्था चालून गेली.

मुंबईत मात्र एक भलताच गुंता झाला. ब्रिटिशांनी १७२० साली पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना बेटाबाहेर काढलं आणि रोमच्या प्रोपागांडाच्या, म्हणजे धर्मप्रसार पाहणाऱ्या खात्याच्या, अधिकाराखालचे कार्मेलाइट संघाचे धर्मगुरू आणले. गोव्याच्या आर्चबिशपांचा पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालची धर्मसत्ता, मुंबईवरचा आपला दावा सोडायला तयार नव्हता. शेवटी १७९४ साली चर्च दोघांत वाटून दिली गेली आणि एकाच शहरात दोन धर्मसत्ता शेजारीशेजारी नांदू लागल्या. नांदू लागल्या हा शब्द जरा उदारच झाला, कारण त्यांचं भांडण पुढे शंभरावर वर्षं चाललं. कोणतं घर कोणत्या फादरचं हा प्रश्न किरकोळ नव्हता, कारण शेवटचा अभ्यंग देण्याचा हक्क पॅरिशच्या फादरचा मानला जाई. १९१७ च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात, तो नियम स्पष्ट लिहिलेला आहे. अडीनडीला कुणीही फादर चालेल ही सवलत सोबतच होती. त्याच संहितेत आणखी एक वाक्य आहे: मरणाऱ्याला ख्रिस्तप्रसाद दिवसा-रात्री कोणत्याही तासाला देता येतो. दुहेरी धर्मसत्ता संपली १९२८ च्या करारानंतर. मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस यायला मात्र १९५० उजाडलं.

त्याआधीच प्लेगने मरणाची जागा बदलायला सुरुवात केली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. व्हिएगस स्वतः गोव्याचे कॅथलिक. पुढच्या वर्षी साथरोगाचा कायदा आला, घरोघर तपासण्या सुरू झाल्या, रोग्यांना उचलून प्लेगच्या इस्पितळात नेऊ लागले. लोक रोगी लपवत, माळ्यावर, मागच्या खोलीत, जमेल तिथे. प्लेग टळावा म्हणून त्या वर्षांत उभारलेले क्रूस वांद्र्याच्या गल्ल्यांत आणि इतरत्र आजही दिसतात. मे महिन्यात संध्याकाळी त्यांच्यापुढे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. मरणारा माणूस घरच्यांपासून तोडून सरकारी खाटेवर ठेवला जातो, हा अनुभव या शहराला इतक्या मोठ्या प्रमाणात पहिल्यांदा आला तो इथे. पुढे नायर, के. ई. एम., १९४१ साली टाटा मेमोरियल अशी मोठी हॉस्पिटलं झाली आणि घरची खाट मागे पडत गेली. हॉस्पिटलातल्या रोग्याची पॅरिश कोणती? राहतो वसईला, खाट परळला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये दुरुस्ती केली. ‘शेवटचा अभ्यंग’ ऐवजी ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणं अधिक योग्य, आणि तो केवळ मरणाच्या टोकावर असलेल्यांसाठी नाही, असं तिने ठरवलं. पुढच्याच डिसेंबरात सहावे पोप पॉल मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्ट काँग्रेसला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या भक्तीसाठी भरणाऱ्या अधिवेशनाला, येऊन गेले. त्यांनीच ३० नोव्हेंबर १९७२ रोजी विधी बदलला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा प्रत्येक ठिकाणी तेल लागे. फादर स्वतः आजारी असतील तर हाताच्या मागच्या बाजूला, कारण दीक्षेच्या वेळी त्यांच्या तळव्यांना तेल लागलेलं असे. आता फक्त कपाळ आणि दोन्ही तळवे. ऑलिव्हचंच तेल हवं ही अटही गेली, कुठलंही वनस्पतीचं तेल चालतं. मोठ्या शस्त्रक्रियेआधी, म्हातारपणाच्या अशक्तपणात, पुन्हा बळावलेल्या दुखण्यात हा संस्कार घेता येतो, एकदा घेतला म्हणून दार बंद होत नाही.

कागदावर हे होऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली. तरीही ‘आत्ताच फादरना नको बोलवायला, बाबा घाबरतील’ हे वाक्य मुंबईच्या कुठल्याही कॅथलिक कुटुंबाला नवं नाही. मग बाबांचं ऑक्सिजन खाली येतं, डॉक्टर नातेवाईकांना बोलावून घेतात आणि रात्री एकला फोन जातो. माझ्या मते या रात्रीच्या धावपळीतला मोठा वाटा आजाराचा नाही, या जुन्या भीतीचा आहे. पॅरिशमध्ये ११ फेब्रुवारीला, जागतिक रुग्णदिनाच्या सुमारास, सगळ्या आजाऱ्यांना एकत्र बसवून अभ्यंग देतात तो ही भीती घालवण्यासाठीच. तिथे म्हाताऱ्या बायका स्वतःच्या पायांनी रांगेत येतात.

फादरच्या खिशातली डबी अंगठ्याएवढी असते, धातूची, फिरकीच्या झाकणाची. आत तेलात भिजलेला कापूस. स्कूटरवर उलटीपालटी झाली तरी सांडत नाही. हे तेल ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या खास मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) बिशप आशीर्वादित करतात, तिथून ते पॅरिशमध्ये येतं. घरी असेल तर पांढरं कापड, मेणबत्त्या आणि क्रूस मांडून ठेवतात. आयसीयूत मेणबत्ती पेटवता येत नाही, ऑक्सिजन चालू असतो. गाऊन, मास्क, हात धुणं, मग कपाळ; तळव्यांसाठी मात्र सलाइनची नळी सांभाळून हात हळूच उताणा करावा लागतो. रोगी बेशुद्ध असला तरी चालतं, शुद्धीत असता तर त्याने हे मागितलं असतं एवढं पुरे. मेलेल्याला अभ्यंग देत नाहीत, पण प्राण गेला की नाही अशी शंका असेल तर द्यावा, असं १९८३ ची धर्मसंहिता सांगते. म्हणून फादर जिने चढताना घाई करतात.

घाईत मदतीला दुसरं कुणी पाठवावं तर तेही जमत नाही. १९७३ पासून प्रापंचिकांना ख्रिस्तप्रसाद नेण्याची मुभा वाढली, आज सिस्टर आणि प्रापंचिक सेवक रोग्यांच्या घरी नियमाने जातात. अभ्यंग देणं आणि पापनिवेदन ऐकून क्षमा देणं मात्र फक्त धर्मगुरूच करू शकतो. अभ्यंग डीकनलाही, म्हणजे धर्मगुरूच्या एक पायरी खालच्या दीक्षित सेवकालाही, देता येत नाही, हे व्हॅटिकनने २००५ साली पुन्हा बजावलं. मार्च २०२० मध्ये, कोविडने वॉर्डांची दारं बंद केल्यावर, रोमने अभ्यंग न मिळता मरणाऱ्यांसाठी पूर्ण दंडमाफी, म्हणजे पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सूट, जाहीर केली. खाटेजवळ फादर पोचू शकत नाही, हे गृहीत धरूनच.

बऱ्या न होणाऱ्या रोग्यांचा त्रास हलका करणाऱ्या उपशामक सेवेने थोडा फरक पाडला आहे. वांद्र्याला माउंट मेरीजवळचं शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अंतकाळच्या रोग्यांची काळजी घेणारं ठिकाण. तिथे अंत अपेक्षित असतो, त्यामुळे फादरना बोलवायला कुणी रात्रीची वाट पाहत बसत नाही. मोठ्या सरकारी आणि कॅन्सरच्या हॉस्पिटलांत परिस्थिती वेगळी. झारखंडचा, मिझोरमचा, केरळचा रोगी येतो. मुंबईत त्याची पॅरिश नाही आणि रात्री कुणाला फोन करायचा हे त्याच्या मुलाला माहीत नसतं. तो वॉर्डातल्या एखाद्या मल्याळी नर्सला विचारतो. फादर पोचतात तर त्यांना त्या माणसाची भाषा येत नाही. धर्मसंहितेत याचीही सोय आहे: पापनिवेदन दुभाष्याकरवी करता येतं, आणि ऐकलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन त्या दुभाष्यालाही लागू होतं, मग ती रात्रपाळीची नर्स का असेना.