फायटर, विझार्ड आणि तोलाचा प्रश्न: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आवृत्त्यांची पार्श्वभूमी

फायटर (योद्धा) दुबळा आणि विझार्ड (जादूगार) डोईजड, ही तक्रार डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाच्या जवळपास प्रत्येक आवृत्तीबद्दल झाली आहे. तिचा विचार करताना एक गोष्ट बहुधा नजरेआड होते, ती म्हणजे पात्रवर्गांचा, म्हणजे फायटर, विझार्ड अशा पात्रांच्या प्रकारांचा, तोल किती काळात साधायचा याचे उत्तर या खेळाने वेळोवेळी बदलले आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ खेळात फायटिंग-मॅन (पुढचा फायटर), मॅजिक-यूजर (पुढचा विझार्ड) आणि क्लेरिक (पुरोहित) असे तीनच वर्ग होते. थीफ (चोर) १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आला. तोलाची जुनी कल्पना पूर्ण रूपात दिसते ती मात्र १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीच्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये. पहिल्या लेव्हलच्या (प्रगतीच्या पायरीच्या) मॅजिक-यूजरचे हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसण्याची क्षमता, चार बाजूंच्या एका फाशावर ठरत, चिलखत त्याला वर्ज्य होते आणि दिवसाला एकच मंत्र मिळे. मंत्र पूर्ण होण्याआधी एक घाव बसला, तरी तो मंत्र वाया जाई. या साऱ्या हालअपेष्टांतून जो तगेल, त्याने पुढे सर्वांवर मात करावी, असा तो हिशेब होता. दुसऱ्या लेव्हलसाठी थीफला १,२५१, फायटरला २,००१ आणि मॅजिक-यूजरला २,५०१ अनुभवगुण लागत. जादूगाराला मुद्दाम सावकाश वाढू दिले जाई, असे या आकड्यांवरून सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे: सातवी लेव्हल त्याला ६०,००१ गुणांवर मिळे, तर फायटरला त्यासाठी ७०,००१ गुण लागत.

त्या नियमांत फायटरची खरी ढाल सेव्हिंग थ्रो, म्हणजे मंत्रासारख्या संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा, ही होती. मंत्रापासून बचाव होईल की नाही, हे मुख्यतः बचाव करणाऱ्याच्या वर्गावर आणि लेव्हलवर ठरे. मंत्र टाकणारा कितीही बुद्धिमान असला, तरी तो आकडा त्यामुळे अवघड होत नसे. अनुभवी फायटरवर म्हणूनच मंत्रांची मात्रा सहसा चालत नसे.

विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९७ मध्ये खेळाची मूळ प्रकाशक कंपनी टीएसआर विकत घेतल्यानंतर, २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. तिने सर्व वर्गांना अनुभवगुणांचा एकच तक्ता दिला, मंत्र टाकताना स्वतःला सांभाळण्याची सोय केली आणि बचावासाठी फाशावर गाठायचे लक्ष्य मंत्राची पातळी व जादूगाराची बुद्धी यांना जोडले. नियम सुटसुटीत झाले, हे मान्यच केले पाहिजे. पण जादूगारावरचे जुने अंकुश एकामागून एक निघाले आणि त्यांच्या जागी तितक्याच वजनाचे नवे आले नाहीत. विसाव्या लेव्हलच्या फायटरचा विल सेव्ह (मनावरच्या मंत्रांपासून बचावताना फाशात मिळवायचा आकडा) मुळात फक्त +६ असे, आणि नवव्या पातळीच्या मंत्राविरुद्धचे लक्ष्य १० अधिक ९ अधिक जादूगाराच्या बुद्धीचा बोनस इतके. मनावर ताबा मिळवणारा एक मंत्र लागू पडला, की सर्वांत बलाढ्य योद्धा शत्रूच्या बाजूने लढू लागे. हेस्ट या वेग वाढवणाऱ्या मंत्रामुळे जादूगाराला एका फेरीत दोन मंत्र टाकता येत; २००३ च्या ३.५ आवृत्तीने ती वाट बंद केली. ड्रुइड हा निसर्गाची जादू वापरणारा वर्ग मात्र प्राण्याचे रूप घेऊन, त्याच रूपात मंत्र टाकत आणि सोबतीला लढाऊ प्राणी बाळगत, एकटाच फायटरची जागा भरून काढू शके. २००६ च्या ‘टोम ऑफ बॅटल’ने योद्ध्यांना मंत्रांसारखे डाव दिले, आणि पुढच्या आवृत्तीची दिशा त्यातच दिसू लागली.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने तोल एकेका चकमकीत आणून ठेवला. प्रत्येक वर्गाला डिफेंडर (रक्षक), स्ट्रायकर (जबर मारा करणारा), लीडर (साथीदारांना बळ देणारा) किंवा कंट्रोलर (रणांगण ताब्यात ठेवणारा) अशी भूमिका मिळाली आणि केव्हाही, चकमकीत एकदा किंवा दिवसातून एकदा वापरायच्या शक्तींचा समान साचा मिळाला. या आवृत्तीतला फायटर शत्रूला आपल्यापाशी खिळवून ठेवत असे, आणि इतके ठोस काम त्याला आधी कधी मिळाले नव्हते, असे माझे मत आहे. सगळे वर्ग एकसारखेच वाटतात, ही तक्रारही खोटी नव्हती. २०१० च्या ‘इसेन्शियल्स’ या चौथ्या आवृत्तीच्याच पुस्तकमालिकेत साधे, वेगळ्या साच्याचे फायटर आले.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मोजमाप दिवसावर नेले. एका वेळी एकाच मंत्रावर कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवण्यासाठी लागणारी एकाग्रता) ठेवता येईल, या नियमाने जादूगारावर मोठा अंकुश परत आला. मार्गदर्शक पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरल्या होत्या. जिथे दिवसात एकच लढाई होते, तिथे विझार्ड आपले सगळे मोठे मंत्र तिच्यातच खर्च करतो, आणि शक्ती परत मिळवण्यासाठी चकमकींमधल्या छोट्या विश्रांतीवर विसंबलेले फायटर व वॉरलॉक (जादूगारांचाच आणखी एक वर्ग) मागे पडतात.

२०२४ च्या सुधारित ‘प्लेयर्स हँडबुक’ने योद्ध्यांना वेपन मास्टरी (शस्त्रागणिक खास परिणाम) दिली आणि पॅलडिनचा (धर्मयोद्ध्याचा) स्माइट हा दैवी प्रहार एका टर्नला एकदाच वापरता येईल असा केला. फायटरच्या दृष्टीने मला त्याहून मोलाचा वाटतो तो टॅक्टिकल माइंड हा गुण: फसलेल्या अ‍ॅबिलिटी चेकवर (एखादे काम जमते का हे ठरवणाऱ्या फाशावर) फायटर सेकंड विंड या आपले हिट पॉइंट भरून काढणाऱ्या शक्तीचा एक वापर खर्चून दहा बाजूंचा फासा टाकून ती बेरीज वाढवू शकतो, आणि तरीही चेक फसला तर तो वापर खर्ची पडत नाही. लढाईबाहेर करण्यासारखे फायटरकडे फारसे काही नसते, ही उणीव आजवर बहुतेक आवृत्त्यांनी तशीच सोडून दिली होती.