रांग सोडून चालणारी ‘मुंगी’

पावसाळा ओसरत आला, की टेकडीवरच्या तांबड्या पायवाटेवर ती दिसू लागते. मोठ्या मुंगळ्याएवढी, छाती विटकरी, पोट काळंभोर आणि त्यावर पांढरे ठिपके. अंगभर दाट लव. मागच्या भाद्रपदात भाची बरोबर होती. “मामा, ठिपक्यांचा मुंगळा!” म्हणत तिने बोटं पुढे केली आणि मी तिचं मनगट कसंबसं पकडलं. तिने मुंगळा म्हटलेला तो किडा ही बिनपंखांची गांधीलमाशी होती.

हिला म्हणतात मखमली मुंगी. घोटाळा नावातच आहे. मखमल म्हटल्यावर कुणाला मृगाचा किडा आठवेल, पण त्या लाल, मऊ जिवाला पाय आठ. तो कोळ्यांच्या गोतातला. हिला पाय सहाच.

तसं पाहिलं तर मुंग्यांचे पूर्वजही गांधीलमाश्यांसारखेच कीटक होते. दोन्ही घराण्यांतल्या माद्यांचे पंख गेले, पण आपापल्या वाटेने. मुंग्यांत कामकरी बिनपंखांच्या असतात; राणीला पंख येतात, आणि मीलनाचं उड्डाण झालं की ती ते स्वतःच मोडून टाकते. मखमली मुंगीच्या मादीला पंख कधी येतच नाहीत. तिचा नर मात्र बहुतेक जातींत पंखवाला, आणि रंगरूपाने इतका वेगळा, की कुठला नर कुठल्या मादीचा हे ठरवताना तज्ज्ञही चक्रावतात. ब्रिटिश काळात भारतातल्या या कीटकांची नोंद करणाऱ्या चार्ल्स बिंगहॅम यांनी तिला १८९७ च्या गांधीलमाश्या-मधमाश्यांच्या खंडात बसवलं. मुंग्या आल्या पुढच्या, १९०३ च्या खंडात.

ओळखायची कशी? मी आधी चाल बघतो. मुंग्यांची ये-जा बहुधा ठरलेल्या वाटेने, येणारी जाणारीला मिशी लावून पुढे सरकते. ही एकटी. चार पावलं पळते, थांबते, माती चाचपते, भलतीकडेच वळते. मग मिशा. मुंगीची मिशी कोपरात वाकवलेल्या हातासारखी मोडलेली असते, हिची दोऱ्यासारखी, नुसती बाक घेतलेली. मुंगीच्या बारीक कमरेवर एक किंवा दोन ठळक गाठी असतात. त्या बघायला भिंग लागतं आणि किडा स्थिर लागतो. ही स्थिर राहत नाही.

तिची एवढी धावपळ दुसऱ्याच्या घरासाठी असते. वारूळ नाही, राणी नाही, बहिणी नाहीत. जमिनीत बीळ करणाऱ्या एकांड्या माश्यांची घरटी ती हुडकते, आत उतरते, कोशाला भोक पाडून आतल्या वाढलेल्या अळीवर किंवा कोशस्थ पिल्लावर अंडं घालते. अंड्यातून निघालेली अळी यजमानाला खाऊन तिथेच वाढते. आई तोवर दुसरं बीळ शोधायला गेलेली असते.

आता बोटांचा प्रश्न. मुंगळा चावतो आणि वर आम्ल सोडतो. झाडावरच्या ओंबिलांचंही तेच. त्यांना नांगी नसते. मखमली मुंगीची नांगी काही जातींत शरीराच्या निम्म्या लांबीची असते आणि ती पोट वळवून कुठेही टोचू शकते. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या लाल-काळ्या, दोनेक सेंटिमीटरच्या जातीला तिथले लोक ‘काऊ किलर’, म्हणजे गाय मारणारी, म्हणतात. गाय काही मरत नाही. कळ भयंकर असली, तरी हे विष मधमाशीच्या विषापेक्षा बरंच सौम्य आहे. नराला नांगी नसतेच. म्हणजे वाटेवर धावताना दिसली, की ती मादी आणि नांगीवाली, असंच धरून चालावं.

मी गवताच्या काडीने तिला हलकेच दाबून धरलं, तेव्हा बारीक चिर्रचिर्र ऐकू आली. पोटाची वलयं एकमेकांवर घासून ती हा आवाज काढते. रंगाने न घाबरणाऱ्याला दिलेला दुसरा इशारा. काडी उचलली तशी ती पळाली आणि पेन्सिल जाईल एवढ्या एका बिळात शिरली.

“आत माशी असली तर तिला चावेल ना?” भाचीने विचारलं. चावेल, डंखही मारेल. पण तिचं कवच फोडणं सोपं नाही. अमेरिकेतल्या एका जातीवर प्रयोग झाला, तेव्हा मधमाशीला चिरडायला लागतो त्याच्या अकरा पट जोर तिला लागला होता. आम्ही बिळाशी उकिडवे बसून राहिलो. थोड्या वेळाने ती उलटी, पाठमोरी बाहेर आली, मिशा पुसल्या आणि शेजारच्या बिळाकडे निघाली.