तरुणांमधील बर्नआउट आणि स्वतःची निगा (सांगली-मिरज परिसर)

कामाचा किंवा अभ्यासाचा ताण महिनोन्‌महिने चढत राहिला आणि त्यातून सावरायला सवडच मिळाली नाही, की धडधाकट तरुण माणूसही आतून रिता होतो. या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. ती येण्याआधीच झोप, विश्रांती, हालचाल, माणसांची सोबत आणि कामाची मर्यादा यांची घडी बसवणे, एवढ्याच अर्थाने या नोंदीत ‘स्वतःची निगा’ हा शब्द वापरला आहे. फेसपॅक आणि रिसॉर्टच्या जाहिरातींतले ‘सेल्फ-केअर’ इथे अभिप्रेत नाही.

संकल्पना

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. न्यूयॉर्कमधल्या ज्या मोफत दवाखान्यात ते काम करत, तिथले स्वयंसेवक मन लावून राबणारे होते. काही काळाने त्यांच्यातलेच काहीजण थकलेले, चिडचिडे आणि रुग्णांशी तुटक वागणारे झाले. बर्नआउट कामचुकारांना होतो हा समज त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच चुकीचा आहे. सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा रात्रंदिवस बोटी आणि जेवणाची पाकिटे पोहोचवणारी मुले पाणी ओसरल्यावरही आठवडे न आठवडे गाळ उपसत होती. अशा वेळी सगळ्यात आधी पुढे होणाराच सगळ्यात शेवटी बसतो.

क्रिस्टिना मास्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात याच वाटेने जाणारी तीन लक्षणे आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने लांब जाणे किंवा त्याबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. तिथे बर्नआउटला आजार म्हटलेले नाही; नोकरी-कामाशी जोडलेली स्थिती म्हटले आहे. काटेकोरपणे पाहिले तर विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही. पण संशोधकांनी २००२ मध्येच विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रश्नावली केली, आणि सांगलीच्या अभ्यासिकेत एक फेरी मारली तरी तिची गरज पटते.

इथले तरुण

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याच्या टेबलावर पाण्याची बाटली, चालू घडामोडींचे मासिक आणि समोर चिकटवलेला वेळापत्रकाचा कागद असतो. त्यात जेवणाला वीस मिनिटे आणि झोपेला पाच तास. परीक्षेची तारीख पुढे गेली की कागद बदलतो, झोपेचे तास तेवढेच राहतात. अटेम्प्टवर अटेम्प्ट जातात, बरोबरीच्यांची लग्ने होतात, आणि गावी गेले की पहिला प्रश्न ‘निकाल कधी?’ हाच.

तासगाव, मिरज, कवठे महांकाळ भागात द्राक्षबाग सांभाळणाऱ्या पंचविशीतल्या मुलाची गोष्ट वेगळी दिसते, पण दुखणे तेच. फळछाटणीपासून माल निघेपर्यंत साधारण चार महिने बाग डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. आभाळ भरून आले की डावणी या बुरशीच्या रोगाची धास्ती, थंडी वाढली की भुरी या दुसऱ्या बुरशीची. पाऊस थांबताच रात्री-अपरात्री फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर काढायचा. फोनवर हवामानाचे तीन-चार ग्रुप असतात आणि प्रत्येक जण वेगळा अंदाज सांगतो. डोक्यावर पीककर्ज असते ते निराळेच.

मिरज हे १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी इस्पितळ सुरू केले तेव्हापासून दवाखान्यांचे गाव आहे. १९६२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. सीमाभागातले रुग्णही इकडेच येतात. साहजिकच रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, तंत्रज्ञ आणि शिकाऊ डॉक्टर यांची संख्या इथे मोठी आहे. पुण्याच्या कंपनीचे काम घरून करणारे आता त्यांत मिसळले आहेत.

काम थांबवणे

या सगळ्यांत समान गोष्ट एकच : काम नेमके कुठे संपते हे ठरलेले नाही. मेहनत जास्त असण्यापेक्षा हेच अधिक थकवते, असे या नोंदकर्त्याचे मत आहे आणि संशोधनाचाही त्याला आधार मिळतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोन्नेनटाग यांनी कामानंतर माणूस कसा सावरतो याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. शार्लोटे फ्रिट्झ यांच्यासह २००७ मध्ये त्यांनी सावरण्याचे चार मार्ग मांडले : कामाचा विचार मनातून बाजूला ठेवता येणे, शरीर-मन सैल सोडणे, कामाबाहेरचे काही शिकणे, आणि रिकाम्या वेळेचे काय करायचे हे स्वतःच्या हाती असणे. पलंगावर पडून उद्याच्या पेपरचे गणित मांडणारा मुलगा आडवा झालेला असतो, पण त्याची विश्रांती झालेली नसते.

थांबण्याची वेळ आपण होऊन येत नाही, ती ठरवावी लागते. शेवटची दहा मिनिटे उद्याच्या कामांची यादी कागदावर उतरवण्यासाठी ठेवावीत. डोक्यात घोळणारे अर्धे त्या कागदावर जाते. पुस्तके अभ्यासिकेतच ठेवून घरी यावे. बागेत दोघे भाऊ असतील तर हवामानाचा फोन एका रात्री एकाने सांभाळावा, दुसऱ्या रात्री दुसऱ्याने. बागायतदाराला हे खरे तर पटायला हवे. माल काढल्यावर आणि एप्रिलच्या खरड छाटणीआधी तो वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती देतोच, कारण तशीच छाटली तर पुढच्या हंगामात ती मार खाते. वेलीला लावलेला हिशोब तो स्वतःला मात्र लावत नाही.

अडचण बहुतेक घरात येते. दुपारी तासभर पडलेला मुलगा ‘लोळत’ असतो. नोकरी करणाऱ्या मुलीला किंवा नव्या सुनेला तर तेवढेही नशिबात नसते. ड्युटीवरून आली की ओट्याची ड्युटी सुरू. तिच्यासाठी निगा म्हणजे संध्याकाळच्या भाकऱ्या दुसऱ्या कुणीतरी थापणे. ती एकटीने ठरवून होत नाही, घरात बोलावे लागते.

झोप, हालचाल, छंद

अठरा ते पंचवीस वयोगटासाठी ७ ते ९ तास झोप सुचवली जाते. अपुऱ्या झोपेत पाठांतर टिकत नाही, म्हणून झोप तोडून केलेला अभ्यास तोट्याचाच सौदा ठरतो. चहा-कॉफीतले कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाच्या ‘कटिंग’चा अर्धा अंमल पहाटे तीनला शिल्लक असतो. रात्रपाळीवाल्यांनी खोली अंधारी करावी, फोन बंद ठेवावा, आणि कुरिअर घ्यायला किंवा दार उघडायला आपल्याला उठवू नये हे घरात आधीच सांगून ठेवावे.

व्यायामाचे माप जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम असे दिले आहे. आमराईत भरभर चालणे, तालीम, कबड्डी, उन्हाळ्यात कृष्णेत पोहणे, सगळे चालते. भरतीसाठी रोज धावणाऱ्या मुलाला मात्र धावणे हीच विश्रांती म्हणून सांगू नये. त्याचे तेच काम आहे.

छंदाच्या बाबतीत हे गाव नशीबवान. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सांगलीतच रंगवले, आणि नाट्यपंढरीत आजही तालमीला जागा आणि माणसे सापडतात. मिरजेत तंबोरे-सतारी घडतात आणि गाणे शिकवणारे आहेत. ज्यात रँक नाही, कट-ऑफ नाही आणि चुकले तर मित्र हसतात एवढेच होते, असे काहीतरी आठवड्यातून एकदा करावे. रील्स पाहण्याने वेळ जातो, पण त्यात शिकणेही नसते आणि वेळेची लगामही आपल्या हाती राहत नाही.

मर्यादा

मास्लॅक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची मुळे सहा ठिकाणी दाखवली : कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय आणि मूल्ये. यांतले फार थोडे एकट्या कर्मचाऱ्याच्या हातात असते. दोन माणसांचे काम एकाकडून करून घ्यायचे आणि महिन्यातून एकदा ध्यानधारणेची कार्यशाळा भरवायची, हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डॉक्टरांवरच्या अभ्यासांचे २०१७ मध्ये एकत्रित परीक्षण झाले, तेव्हा पाळ्या आणि कामाची रचना बदलणारे उपाय वैयक्तिक उपायांपेक्षा जास्त परिणामकारक आढळले. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला कमाल ७४ तास आणि एक सुट्टी सुचवली. एवढे तास ही सवलत वाटावी, यातच सध्याच्या पाळ्यांचा अंदाज येतो.

मदत कधी घ्यावी

दोन-चार दिवस कामापासून पूर्ण बाजूला राहूनही हुशारी वाटत नसेल, तर आधी साध्या तपासण्या कराव्यात. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि ब-१२ यांच्या गडबडीतही असाच शीण येतो. बर्नआउट मुख्यतः कामाभोवती घुटमळतो. नैराश्य जेवण, मैत्री, आवडीची गाणी असे सगळेच बेचव करते. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक पार बिघडली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी जावे. केंद्र सरकारची १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.