न घडलेल्या क्रियेचा वेग

नैवेद्य दाखवण्यापूर्वीच मोदकाकडे गेलेला हात आजीच्या ‘थांब!’ने अर्ध्या वाटेत थबकतो, तेव्हा मेंदूने एक अवघड काम केलेले असते: स्नायूंकडे निघालेला आदेश त्याने परत बोलावलेला असतो. ज्याला हे जमत नाही, त्याचा उतावळेपणा ‘घराण्यातच आहे’ असे पूर्वी म्हणत. हल्ली तो ‘जनुकातच आहे’ असे म्हणतात. जनुकांचा येथे संबंध आहेच, परंतु तो नेमका कोठे जुळतो हे कळण्यासाठी थांबण्याचा वेग कसा मोजतात ते आधी पाहावे लागते.

अडचण अशी की, थांबणे यशस्वी झाले तर मोजण्यासारखे काही घडतच नाही. १९८४ मध्ये गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी यावर मांडलेली शर्यतीची कल्पना मला मानसशास्त्रातील सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते. पडद्यावर बाण दिसला की त्या दिशेचे बटण दाबायचे. मात्र काही वेळा बाणापाठोपाठ थांबण्याची खूण येते आणि मग बटण दाबायचे नसते. मेंदूत त्या वेळी ‘दाब’ आणि ‘थांब’ या दोन प्रक्रिया एकमेकींपासून स्वतंत्रपणे धावत असतात, आणि जी आधी पोहोचेल ती जिंकते. व्यक्ती थांबू शकली की संगणक पुढची खूण थोडी उशिरा देतो, चुकली की थोडी लवकर देतो. असे करता करता ती निम्म्या वेळा थांबते आणि निम्म्या वेळा चुकते, म्हणजे शर्यत बरोबरीत येते. समजा, बटण दाबायला सरासरी ४५० मिलिसेकंद लागतात आणि बरोबरीच्या वेळी खूण बाणानंतर २३० मिलिसेकंदांनी येते. मग ‘थांब’ ही प्रक्रिया उरलेल्या २२० मिलिसेकंदांत पूर्ण होत असली पाहिजे. कधीच न दिसणाऱ्या क्रियेचा काळ साध्या वजाबाकीने हाती येतो! निरोगी प्रौढांमध्ये तो बहुधा २०० ते २५० मिलिसेकंद भरतो.

हीच चाचणी मेंदूचा कोणता भाग काम करत आहे हे दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात घेतली, तर मेंदूच्या उजव्या अग्रखंडाचा खालचा भाग ठळकपणे सक्रिय होतो. तेथून निघालेला संदेश मेंदूत खोलवर असलेल्या सबथॅलॅमिक न्यूक्लिअस या चेतापेशींच्या लहानशा पुंजक्यापर्यंत पोहोचून हालचालीला लगाम घालतो, असे मानले जाते. चेतापेशींमधील नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन या कामात महत्त्वाचे असून, वापरून झालेले नॉरॲड्रेनॅलिन पेशीत परत ओढून घेणारे प्रथिन सोळाव्या गुणसूत्रावरील ‘एसएलसी६ए२’ या जनुकावरून तयार होते. अग्रखंडात डोपामिन हे दुसरे रसायन उचलणारी स्वतंत्र प्रथिने विरळ असल्यामुळे तेथील डोपामिनही बऱ्याच अंशी हेच प्रथिन उचलते. एडीएचडी या अवधान कमी पडण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकारावरील ॲटोमॉक्सेटिन हे औषध याच प्रथिनाला अडवते, आणि २००६ मधील एका प्रयोगात त्याच्या एका मात्रेनंतर निरोगी स्वयंसेवकांचा थांबण्याचा वेळ कमी झाल्याचे दिसले होते.

युरोपातील ‘इमॅजेन’ प्रकल्पाने २०१२ मध्ये १४ वर्षे वयाच्या १,८९६ मुलामुलींच्या मेंदूंचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१९ जणांच्या जनुकीय विश्लेषणात ‘एसएलसी६ए२’मधील भेद आणि उजव्या अग्रखंडाची सक्रियता यांत संबंध आढळला. हा संबंध मेंदूच्या एका भागातील, एका चाचणीपुरत्या सक्रियतेशी आहे, मुलाच्या स्वभावाशी नव्हे. शिवाय जनुकशास्त्राच्या मापाने ८१९ ही संख्या लहानच आहे. एकेका जनुकाबाबतचे असे कितीतरी निष्कर्ष मोठ्या नमुन्यांत टिकलेले नाहीत. २०२१ मध्ये सुमारे १५ लाख लोकांच्या माहितीवरून आवेगाशी निगडित वर्तनाचा शोध घेतला, तेव्हा जीनोममधील, म्हणजे संपूर्ण जनुकीय संचातील, ५७९ ठिकाणे पुढे आली आणि प्रत्येकाचा वाटा अत्यल्प होता.

असे असताना बोटांच्या ठशांवरून मुलाची एकाग्रता आणि स्वभाव सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचण्यांवर आपल्याकडील पालक हजारो रुपये खर्च करतात, त्याला काय म्हणावे? ठशांचे राहू द्या; त्या १५ लाखांच्या अभ्यासातील सर्व माणसे युरोपीय वंशाची होती, त्यामुळे त्यावर बेतलेले, अनेक जनुकीय भेदांची बेरीज करून काढलेले जनुकीय गुणांकनसुद्धा पुण्यातल्या किंवा परभणीतल्या मुलाला जसेच्या तसे लावता येत नाही.