गरिबाला मालकीचे घर : धर्मादाय संस्था या वाटेवर कशा आल्या

कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला धर्मादाय संस्थेने घरमालक करावे का, हा वाद तसा अलीकडचा. एकोणिसाव्या शतकातल्या दात्यांच्या मनात मालकी नव्हतीच. जॉर्ज पीबडी या अमेरिकी बँकरने १८६२ मध्ये लंडनच्या गरिबांसाठी दीड लाख पौंड दिले, त्यातून इमारती उभ्या राहिल्या त्या भाड्याच्या. १८६५ मध्ये समाजसुधारक ऑक्टाव्हिया हिल यांनी लेखक जॉन रस्किनच्या पैशांतून लंडनच्या मेरिलबोन भागातली मोडकळीला आलेली घरे चालवायला घेतली. दर आठवड्याला भाडे घ्यायला दारात जायचे आणि त्याच फेरीत गळके छप्पर, तुंबलेली मोरीही पाहायची, ही त्यांची पद्धत. भाडे थकले तर गय नसे; पण दुरुस्तीचा खर्च भाडेकरूच्या माथी पडत नसे. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच.

मालकीची वाट रुंदावली १९६८ मध्ये, अमेरिकेत, आणि तीही दोन निराळ्या दिशांनी. त्या वर्षीच्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम २३५ नुसार सरकारने गरीब खरेदीदाराच्या व्याजाचा मोठा भाग उचलला. त्याला व्याज एक टक्क्यापर्यंत स्वस्त पडू शके. कर्ज देणाऱ्याला सरकारी विमा असल्याने बुडण्याची धास्ती नव्हती. मग अनेक शहरांत दलालांनी पडकी घरे स्वस्तात घेतली, वरवर रंग फासला आणि चढ्या भावाने गरिबांच्या गळ्यात मारली. घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला, भिंतीत ओल आली की नव्या मालकाकडे दुरुस्तीला पैसा नसे. घरे सुटली, जप्त झाली. जानेवारी १९७३ मध्ये निक्सन सरकारने नवी मंजुरी थांबवली.

त्याच १९६८ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या कोइनोनिया फार्म या ख्रिस्ती सामूहिक शेतवस्तीवर क्लॅरेन्स जॉर्डन आणि मिलार्ड फुलर यांनी ४२ भूखंड आखले. नफा न घेता घर बांधायचे, कर्ज बिनव्याजी द्यायचे आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढचे घर उभारायचे. इथे घर बांधणारा आणि कर्ज देणारा एकच होता, त्यामुळे घर खराब निघाले तर झळ त्यालाही बसणार होती. पुढे १९७६ मध्ये फुलर दांपत्याने हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था स्थापन केली. घर घेणाऱ्या कुटुंबाने बांधकामात स्वतः राबायचे, ही तिथली अट. १९८४ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर न्यूयॉर्कच्या बांधकामावर हातोडा घेऊन उतरले आणि संस्थेचे नाव जगभर झाले.

तिसरा मार्ग जमिनीचा. १९८४ मध्येच व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहराच्या मदतीने एक भूमी न्यास सुरू झाला. जमीन न्यासाची, घर कुटुंबाचे. विकताना वाढलेल्या किमतीतला ठरलेला हिस्साच कुटुंबाला मिळतो, म्हणजे पुढच्या गरीब कुटुंबालाही ते घर परवडते. यात गरिबाच्या हाती पुरेशी संपत्ती साठत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. पण २००८ च्या मंदीत अमेरिकेत गृहकर्जे धडाधड बुडत होती, तेव्हा अशा न्यासांतल्या घरांवर जप्ती येण्याचे प्रमाण बाजारापेक्षा बरेच कमी राहिले. तिथे हप्ता चुकला की न्यासाचा माणूस चौकशीला येत होता.